कागदावरची पन्नाशी आणि आईची नारळी पौर्णिमा

आमच्या मिरकरवाड्यात १ जूनला दोन गोष्टी एकदम होतात. एक म्हणजे समुद्रातली मासेमारी दोन महिन्यांसाठी बंद होते. बंदरात होड्या दाटीवाटीने येऊन उभ्या राहतात, लहान होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि जाळी घरात येतात. दुसरी गोष्ट म्हणजे वाड्यातल्या निम्म्याअधिक मोठ्या माणसांचे वाढदिवस याच दिवशी येतात. त्यात माझाही एक.

वाचक बंधुभगिनींनो, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. तुमच्याही गावात १ जूनला जन्मलेली माणसे शोधून पाहा. एका घरात दोन भावांचा जन्म १ जूनचा आणि त्यांच्या काकांचाही १ जूनचाच, अशी घरे मी नोकरीत पुष्कळ पाहिली आहेत. ही सारी गुरुजींनी जन्माला घातलेली पोरे! पूर्वी मूल शाळेत घालायला नेले की गुरुजी जन्मतारीख विचारीत. आई सांगे, "भाताची लावणी चालू होती तवाचा." बाप सांगे, "पूर आला त्याच्या दुसऱ्या वर्षीचा." गुरुजी बिचारे त्यावरून तारीख कशी काढणार? शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि वय पुरे भरलेले दिसायला हवे, म्हणून ते १ जून लिहून मोकळे होत. जन्ममृत्यूच्या नोंदीचा कायदा १९६९ साली झाला, पण तो अंगवळणी पडायला फार वर्षे लागली.

मला १९७६ साली शाळेत घातले तेव्हा माझीही तारीख अशीच पडली, १ जून १९७०. आईच्या हिशेबाने मात्र मी नारळी पौर्णिमेचा. त्या दिवशी वाड्यातले लोक सागराला नारळ द्यायला बंदरावर गेले होते आणि इकडे घरात मी आलो. म्हणजे कागदावर मी खऱ्यापेक्षा अडीच महिन्यांनी मोठा आहे. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी सेवानिवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे दर वर्षी ३१ मे रोजी आमच्या कचेऱ्यांतून निरोपाच्या नारळांची रास पडते. माझा नारळ ३१ मे २०२८ ला ठरलेला आहे.

या दोन तारखांच्या मध्ये सापडलेली माझी पन्नाशी आज सांगणार आहे. ते साल होते २०२०.

एक एकर आणि चाळीस कलमे

आधी घरची थोडी ओळख करून देतो. माझे वडील दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते, पुढे तांडेल झाले. आम्ही दोघे भाऊ. मी थोरला, दापोलीच्या कृषी महाविद्यालयातून १९९२ साली बी.एस्सी. झालो आणि पुढे कृषी विस्तार अधिकारी म्हणून नोकरीला लागलो. दर्यावर्दी घरातला मुलगा शेतीकडे कसा वळला, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे कारण आई. ती शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरच्या वाट्याची एक एकर कातळवट जमीन शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे. १९९३ च्या पावसाळ्यात मी तिथे हापूसची चाळीस कलमे लावली. दहा मीटर बाय दहा मीटर अंतर धरले की गुंठ्याला एक कलम बसते, म्हणून चाळीस गुंठ्यांत चाळीस.

त्या कलमांचे खड्डे माझ्या धाकट्या भावाने माझ्याबरोबर खणले. जांभा फोडून मीटरभर लांब, रुंद आणि खोल असा एकेक खड्डा. त्याच्या हाताला फोड आले, पण हूं की चूं केले नाही. पुढे तो मुंबईला गेला आणि परळला एका छापखान्यात लागला. लग्न झाले, दोन मुले झाली. गणपतीला आणि शिमग्याला यायचा, मे महिन्यात आंब्याला यायचा. चाकरमान्याचे घर जसे चालते तसे त्याचे चालले होते.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि सारे जागच्या जागी थांबले. मिरकरवाड्याचे बंदर इतके गप्प मी जन्मात पाहिले नव्हते. नेपाळहून आलेले खलाशी होड्यांवरच अडकून पडले. इकडे बागांत आंबा तयार होऊ लागला, पण गाडी मिळेना. मे महिन्यात वाशीचा बाजारही काही दिवस बंद राहिला. माझा फोन दिवसभर वाजे. "साहेब, फळ काढू का ठेवू?" झाडावर ठेवून आंबा राहत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरी विचारीत, कारण विचारायला दुसरे कोणी नव्हते. पुढे मे महिन्यात एस.टी.ने मालवाहतूक सुरू केली आणि आंब्याच्या पेट्या एस.टी.तून मुंबईला गेल्या. माणसांऐवजी पेट्या बसलेली गाडी पाहून आई म्हणाली, "बघ, आंब्यांना पास मिळाला. माझ्या पोराला कधी मिळणार?"

मी "थांब" म्हणालो

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात धाकट्याचा फोन आला. छापखाना बंद, दोन महिन्यांचा पगार नाही, दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसे आणि चाळीत रोज कोणीतरी आजारी. "दादा, आम्ही घरी येऊ का?" एवढेच त्याने विचारले.

मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, "थोडे दिवस थांब. इथली परिस्थिती पाहून कळवतो."

मला तेव्हा ते उत्तर शहाणपणाचे वाटले. आई बहात्तर वर्षांची, तिला मधुमेह. वाड्यातली घरे भिंतीला भिंत लागून. मुंबईहून आलेल्याला चौदा दिवस वेगळे ठेवायचे, तर ठेवायचे कुठे? त्यात मी सरकारी माणूस. गावोगाव जाऊन "नियम पाळा" म्हणून सांगणारा. उद्या लोक म्हणतील, साहेबांनी स्वतःच्या भावाला आणले. तेव्हा कोकणातल्या गावागावांतून हाच वाद पेटला होता. ज्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर घराचे कौल फिरले, तोच वेशीवर परका झाला होता. मी हे उघड्या डोळ्यांनी पाहत होतो आणि मनात नावेही ठेवीत होतो. माझ्या घरी वेळ आली तेव्हा मीही तेच केले.

आईने ते बोलणे ऐकले होते. ती मला काही बोलली नाही. दोन दिवस ती कोणाशीच बोलली नाही. आगोटीचे दिवस होते; सुकट, सोडे, बोंबील निवडून डब्यात भरायचे काम ती मुकाट्याने करीत राहिली. तिसऱ्या दिवशी मी जेवायला बसलो, तेव्हा ती म्हणाली, "जमीन कुणाची?"

मी म्हणालो, "तुझी."

"मग माझ्या जमिनीत माझ्या पोराला येऊ दे. बागेत खोपी हाय. चौदा दिवस तिथं ऱ्हातील. शिधा मी देते. तुला भ्या वाटत असेल तर तू लांबनं ठेव."

मी रीतसर अर्ज केला, भावाने पोलिसांचा पास मिळवला आणि मे महिन्याच्या २५ तारखेला ती चौघे कशेडी घाट उतरून आली. रस्त्यातल्या नाक्यावर तपासणी झाली, हातावर शिक्का पडला. आंबा राखणारा गडी गेला होता, म्हणून खोपी रिकामीच होती. दर संध्याकाळी मी डबा घेऊन जाई. बांधावरच्या चिऱ्यावर डबा ठेवून मागे सरकायचे, मग भाऊ येऊन तो उचलायचा. मध्ये वीस हात अंतर. ज्याच्याबरोबर मी खड्डे खणले, त्याला मी चिऱ्यावर डबा ठेवून जेवायला घालीत होतो.

१ जूनला कागदावरची पन्नास वर्षे भरली. सकाळी सहकाऱ्यांचे फोन आले. पत्नीने तांदळाची खीर केली. आई म्हणाली, "आज कसला वाढदिवस? तुझा दिवस अजून यायचा हाय." तरी खीर तिने पाच डब्यांत भरली, चार बागेतल्यांना आणि एक मला. संध्याकाळी चिऱ्यावर डबे ठेवले, तेव्हा आठ वर्षांची पुतणी लांबूनच ओरडली, "काका, किती वर्षांचे झालात?" मी म्हणालो, "पन्नास." ती म्हणाली, "मग आता तुम्ही म्हातारे झालात का?" भाऊ हसला. मुंबईहून आल्यापासून तो पहिल्यांदा हसला.

वादळाचा दिवस

दुसऱ्या दिवशी निसर्ग वादळाचा इशारा आला. अरबी समुद्रातले वादळ जूनच्या तोंडाला आपल्या किनाऱ्यावर येणार होते. बागेतली खोपी म्हणजे काय, बांबूचे वासे आणि वर पत्रे. ती वादळात टिकणे शक्य नव्हते. आणि चौदा दिवस पुरे व्हायला अजून सहा दिवस होते.

मी घरी येऊन खुर्चीवर बसून राहिलो. पत्नी म्हणाली, "विचार कसला करता?" आई तर माळ्यावर चढून तिथली जाळी बाजूला करायला लागली होती. मी संबंधितांना फोन करून परवानगी मागितली. वरचा माळा स्वतंत्र आहे, जिना मागच्या अंगणातून आहे, असे सांगितले. परवानगी मिळाली. तिन्हीसांजेला ती चौघे घरी आली आणि तोंडाला फडकी बांधून माळ्यावर गेली.

३ जूनला दुपारी वादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्याला लागले. आम्ही त्याच्या वाटेच्या कडेला होतो, तरी वाऱ्याने जीव टांगणीला लागला. आमच्या घरावरची ओळभर कौले पत्त्यासारखी उडाली. पलीकडे मिऱ्याच्या किनाऱ्यावर 'बसरा स्टार' नावाचे मोठे जहाज येऊन आपटले आणि रुतून बसले. पुढे कैक वर्षे ते तिथेच गंजत उभे होते. वीज गेली. रात्री अंधारात आम्ही खाली आणि ती चौघे वर. माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून बोलणे चालले होते. आई खालून विचारी, "पोरं भिजली नाय ना?" वरून भाऊ सांगे, "नाय आई, आम्ही कोपऱ्यात हाय." मग थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. त्या रात्री मला वाटले, आपण या माणसाला "थांब" म्हणालो होतो आणि तो थांबला असता तर आपण आज कसे झोपलो असतो?

सकाळी उजाडताच भाऊ छपरावर चढला आणि त्याने कौले शाकारली. मी खालून एकेक कौल दिले. वीस हातांचे अंतर कौलाएवढे झाले. चौदा दिवस सरले, देवदयेने कोणाला काही झाले नाही.

बागेत खोपीचा मागमूस राहिला नव्हता. चाळीसपैकी तीन कलमे मुळासकट उन्मळली होती. सात-आठ झाडांच्या फांद्या चिरल्या होत्या.

दापोलीत पाहिलेले

पण आमचे नुकसान ते काय! दापोली आणि मंडणगड तालुक्यांत पंचनाम्यांसाठी मला पाठवले, तेव्हा खरे वादळ पाहिले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झालेल्या. आजोबाने लावायचे आणि नातवाने खायचे, अशी ही पिके. माझे शिक्षण ज्या तालुक्यात झाले, तिथले ओळखीचे रस्ते मला ओळखता येईनात. शासनाने फळबागांची मदत हेक्टरी अठरा हजारांवरून पन्नास हजार रुपये केली, ती दोन हेक्टरच्या मर्यादेत. पण पन्नास वर्षांचे झाड पन्नास हजारांत परत उभे राहत नाही, हे लिहिणाऱ्याला आणि सही करणाऱ्याला दोघांनाही कळत होते.

एका वाडीत एक म्हातारे गृहस्थ भेटले. वय ऐंशीच्या आसपास. त्यांच्या वाडीतले एकही झाड उभे नव्हते. मी टेप घेऊन मोजणी करीत होतो आणि ते एका कोपऱ्यात बसून पडलेल्या माडांचे नारळ निवडीत होते. मी विचारले, "आजोबा, हे कशाला?" ते म्हणाले, "रोपे करायला. बियाणे चांगले आहे." मी म्हणालो, "फळ धरायला सहा-सात वर्षे लागतील." ते म्हणाले, "साहेब, तुम्ही शिकलेले. मी फळाचे विचारले का?"

मी पन्नाशीचा झालो म्हणून मनातून खचलो होतो. आता काय उरले, पेन्शनचे कागद आणि रक्तदाबाची गोळी, असे वाटत होते. त्या दिवशी मी ते खचणे त्या वाडीतच ठेवून आलो.

खरा वाढदिवस

नारळी पौर्णिमा त्या वर्षी ३ ऑगस्टला, सोमवारी आली. एरवी मिरकरवाड्यात केवढी धामधूम असते! त्या वर्षी मिरवणूक नाही, गर्दी नाही. मोजक्या माणसांनी जाऊन सागराला नारळ दिला. मी आणि भाऊ बंदरावर गेलो. वडील असताना ते आम्हा दोघांना दोन खांद्यांवर घेऊन यायचे, त्याची आठवण निघाली.

मी म्हणालो, "मी तुला थांब म्हणालो, ते चुकले माझे."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, तू नको म्हणाला असतास तरी मला कळले असते. आई म्हातारी, मला का समजत नाही? पण तू कचेरीत शेतकऱ्याशी बोलतोस तसा बोललास. 'परिस्थिती पाहून कळवतो.' तेवढेच लागले."

यावर मला बोलण्यासारखे काही नव्हते. नोकरीत तीस वर्षांच्या आसपास मी हेच वाक्य किती जणांना ऐकवले असेल! बियाणे कधी येईल, अनुदान कधी मिळेल, पंचनाम्याचे काय झाले. सगळ्यांना एकच उत्तर. त्या दिवसापासून मी ते वाक्य सोडले. माहीत असेल तर सांगतो. नसेल तर माहीत नाही म्हणतो आणि कोणत्या दिवशी सांगेन तो दिवस सांगतो.

घरी आलो तर आईने पाट मांडला होता. नारळीभात केला होता. निरांजन लावून तिने मला ओवाळले, मग भावालाही त्याच पाटावर बसवून ओवाळले. तो म्हणाला, "आई, माझा वाढदिवस नाय." आई म्हणाली, "हा पन्नास वर्षांपूर्वी आला, तू दोन महिन्यांपूर्वी परत आलास. माझ्या लेखी दोघं आजचेच."

छापखाना पुन्हा उघडला नाही. भाऊ बागेतच राहिला. उन्मळलेल्या तीन कलमांच्या जागी आम्ही तीन नवी कलमे लावली. चिरलेल्या फांद्या करवतीने साफ कापून कापाला बोर्डो मलम लावले. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी, हे त्याचे प्रमाण. खोडाला भिरूड लागू नये म्हणून भाऊ दर पंधरवड्याला झाड न् झाड फिरून पाहतो. ते माझ्या हातून कधी झाले नसते. पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आले, पण तेव्हा नवी खोपी चिऱ्याची होती. आता तो ओळखीच्या गिऱ्हाइकांना घरबसल्या पेट्या पाठवतो आणि वहिनी आंबापोळी, आमसुले करते. श्रीमंती आली असे नाही. पण वर्ष निघते आणि माणसे एका घरात जेवतात.

आई गांधीजी गेले त्या सालची, एवढीच तिची जन्मतारीख. २०२३ साली आम्ही तिची पंचाहत्तरी केली. दिवस कोणता धरायचा? पोरांनी एकमताने ठरवले, नारळी पौर्णिमा.

जाता जाता

वाचकहो, विस्तार अधिकाऱ्याची सवय जात नाही, म्हणून तीन गोष्टी सांगून थांबतो.

घरात मूल जन्मले की त्याची नोंद वेळेवर करा आणि दाखला जपून ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा लागू झाला आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून नोकरीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. गुरुजींची १ जून आता चालायची नाही. मात्र दाखल्याबरोबर आईने सांगितलेली खूणही कुठेतरी लिहून ठेवा. पाऊस होता की पौर्णिमा होती, हे दाखल्यात येत नाही.

दुसरे, पन्नाशी गाठलेल्या माणसाने रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. पन्नाशी गाठलेल्या हापूसचीही तशीच तपासणी करावी. दाट वाढून सावलीने अडलेले झाड पावसाळ्यानंतर योग्य जागी छाटले, कापाला मलम लावले आणि खोडाला जपले, तर दोन-तीन वर्षांत ते पुन्हा धरते. म्हातारे झाड तोडायचे असते, हा समज खोटा आहे.

तिसरे, घरचे कोणी अडचणीत फोन करील तेव्हा "परिस्थिती पाहून कळवतो" म्हणू नका. जागा नसेल तर नाही म्हणा, असेल तर ये म्हणा. आणि बागेत एक खोपी नेहमी शाकारलेली ठेवा.